झाडांपेक्षा जुनं धुराडं

डब्लिन शहराच्या दक्षिणेला कॅरिकगॉलोगन नावाची एक टेकडी आहे. उंची जेमतेम २७६ मीटर. सूचीपर्णी झाडांमधून निवांत चालत गेलात तरी फारसा दम लागत नाही. वर पोचलात की एकीकडे समुद्र दिसतो, दुसरीकडे विकलोचे डोंगर.

वाटेतली गर्द झाडी बघून तुम्हाला वाटेल, काय जुनं जंगल आहे! पण तसं नाहीये. २०व्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडच्या फक्त १ टक्का जमिनीवर झाडी उरली होती. आज दिसणारी बहुतेक वनं त्यानंतरच्या लागवडीची. या टेकडीवरची खरी जुनी गोष्ट वेगळीच आहे. झाडीतून बाहेर आलात की एक दगडी धुराडं दिसतं, बाहेरून गोल जिना असलेलं. आजूबाजूला कारखाना मात्र कुठेच नाही!

कारखाना होता खाली, बॅलीकोरसच्या दरीत. १८२४ साली स्थापन झालेली मायनिंग कंपनी ऑफ आयर्लंड तिथे शिसं गाळायची. विकलोच्या खाणींतलं खनिजही इथेच यायचं. भट्टीचा धूर सुमारे दोन किलोमीटर लांब दगडी बोगद्यातून टेकडीवर नेलेला होता.

एवढा खटाटोप कशाला? दरीतली हवा स्वच्छ राहावी म्हणून? तेवढंच नाही. धुराबरोबर शिसंही उडून जातं, म्हणजे कंपनीचे पैसेच उडून जातात. लांब बोगद्यात धूर थंड होतो आणि शिशाचा थर भिंतींवर बसतो. तो खरवडला की पुन्हा भट्टीत टाकता येतो.

आता विचार करा, खरवडायचं कोणी? त्यासाठी माणसं बोगद्यात शिरायची. शिशाच्या विषबाधेने त्यातली कित्येक दगावली. स्थानिक लोक या भागाला 'मृत्यूची दरी' म्हणू लागले.

इतिहासाच्या अभ्यासात मला हेच महत्त्वाचं वाटतं. कंपनीच्या दृष्टीने बोगदा म्हणजे बचत. खालच्या वस्तीने मात्र तिची किंमत त्या नावात नोंदवून ठेवली. एकाच बांधकामाचे हे दोन हिशोब, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

कधी तिथे गेलात तर धुराड्यापाशी फोटो जरूर काढा. मग उताराकडे वळून बोगद्याचे उरलेले दगड शोधा. माणसं आत शिरायची ती तिथे.