चाळीस पायांची चिप आणि बिघाडाचा माग

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या, 1,700 जर्मेनियम डायोड आणि 12,500 रोधक होते. यंत्र अवाढव्य, पण दुरुस्तीसाठी खुले होते. ऑसिलोस्कोपचे टोक हव्या त्या जोडावर टेकवून संकेत नेमका कोठे अडला, हे अभियंत्याला पाहता येई.

पुढच्या पंधरा वर्षांत ही सोय नाहीशी झाली. 1975 मध्ये अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने 6502 हा सूक्ष्मप्रक्रियक अवघ्या 25 डॉलरला बाजारात आणला. हजारो ट्रान्झिस्टर एका चिपमध्ये बंद झाले आणि बाहेर उरले केवळ 40 पाय. आत काय चालले आहे, हे त्या पायांवरील संकेतांवरूनच ताडावे लागू लागले.

भारतीय विद्यार्थ्यांच्या एका पिढीची संगणकाशी पहिली ओळख याच चिपमुळे झाली. केंद्र सरकारच्या 1984-85 मधील ‘क्लास’ प्रकल्पाने सुमारे 250 शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचवले. 6502चीच 2 मेगाहर्ट्झवर चालणारी आवृत्ती त्यांत होती. असा जुना संगणक आज चालू केला, तर पुष्कळदा पडदा कोरा राहतो आणि आरंभीचा ‘बीप’ थांबतच नाही. ध्वनीच्या चिपला गप्प करणारी आज्ञावलीच सुरू झालेली नसते. दोष प्रक्रियकात, स्मृतीत की तुटलेल्या तांब्याच्या रेषेत, हे त्या आवाजावरून कळत नाही.

येथे ब्रेकआउट अडॅप्टर उपयोगी पडतो. प्रक्रियक सॉकेटमधून काढून त्या जागी ही छोटी पट्टी बसवायची आणि प्रक्रियक पट्टीवरील सॉकेटमध्ये ठेवायचा. चाळीसही संकेत बाजूच्या पिनांवर मिळतात. पायांमधील अंतर 2.54 मिलिमीटर आणि दोन रांगांमधील 15.24 मिलिमीटर असते. खालच्या बाजूस बारीक, गोल पिना वापरणे श्रेयस्कर. जाड चौकोनी पिनांनी जुन्या सॉकेटच्या पकडी कायमच्या सैल होतात. तारा आखूड ठेवाव्यात. तपासणीचे उपकरण 3.3 व्होल्टचे असेल, तर संगणकाच्या 5 व्होल्टच्या संकेतांसाठी मध्ये पातळी उतरवणारा भाग हवा.

या पट्टीवर एक जुनी, सुरेख चाचणी करता येते. विदेच्या आठ रेषा बोर्डापासून तोडायच्या आणि रोधकांमार्फत त्यांवर 11101010 ही स्थिती कायम ठेवायची. 6502च्या भाषेत याचा अर्थ ‘काहीही करू नकोस, पुढे चल’. प्रक्रियक मग एकामागून एक सर्व पत्ते मोजत सुटतो. प्रत्येक आज्ञेला दोन ठोके लागतात. म्हणून 2 मेगाहर्ट्झवर पहिली पत्तारेषा 500 किलोहर्ट्झने, दुसरी 250 किलोहर्ट्झने आणि सोळावी सुमारे 15 हर्ट्झने स्पंदते. बीबीसी मायक्रोत काही पत्त्यांपाशी घड्याळ मुद्दाम मंदावते, तेवढा फरक गृहीत धरावा. एखादी रेषा स्तब्ध असेल किंवा शेजारणीची नक्कल करत असेल, तर दोष तेथे आहे. प्रक्रियकापाशी स्पंदन असून स्मृतीच्या चिपपाशी नसेल, तर वाट मध्येच तुटली आहे.

पत्तारेषा निर्दोष ठरल्या, की विदेच्या रेषा पुन्हा जोडायच्या. रीसेटनंतर प्रक्रियक एफएफएफसी आणि एफएफएफडी या दोन पत्त्यांवरून आरंभस्थान वाचतो. तेथे आलेले आकडे मूळ आज्ञावलीशी जुळत नसतील, तर संशय स्मृतीच्या चिपवर किंवा विदेच्या वाटेवर येतो.

एवढा खटाटोप करण्यास सबळ कारण आहे. अंदाजाने चिपा उपसत गेल्यास चांगली चिप मोडते आणि बोर्डावरील रेषा उखडतात. बीबीसी मायक्रोतील चित्र सांभाळणारी फेरांटी कंपनीची खास चिप आता कोठेही तयार होत नाही. ती एकदा गमावली, की मूळ चिप बहुधा दुसऱ्या मृत संगणकातून मिळवावी लागते. शाळांच्या अडगळीत उरलेल्या त्या यंत्रांपैकी किती पुन्हा चालतील, हे बऱ्याच अंशी आधी मोजमाप आणि मग डाग देण्याची सळई, या क्रमावर अवलंबून आहे.