ख्रिस्ती वर्षचक्र आणि मराठी ख्रिस्तपुराण

सातपुड्याच्या पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्यांतील सोनाळ्यासारख्या वऱ्हाडी गांवांत एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास जुनी गोष्ट विचारली तर तो तारीख सांगत नाहीं. 'पोळ्याच्या आदल्या दिवशीं', 'आखाजीनंतर आठां दिवसांनीं' असा काळ तो सांगतो. जुन्या मराठी कागदांची रीतहि बहुतांशीं हीच आहे, आणि तिचा उलगडा कसा करावा हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु काळ सणावरून मोजणारे दुसरेहि मराठी लोक कोंकणपट्टींत आहेत. त्यांचे सण निराळे आहेत, म्हणून त्यांचे कागद आमच्या दप्तरांत येतांच आम्ही ते परके समजून बाजूस ठेवतों. हे लोक म्हणजे गोवें, वसई व मंगळूर या बाजूंचे कॅथॉलिक ख्रिस्ती होत. त्यांच्या धार्मिक वर्षाची रचना समजल्यावांचून त्यांचा सर्वांत मोठा मराठी ग्रंथहि नीट समजत नाहीं, व त्यांच्याशीं गुंतलेल्या मराठी इतिहासांतील तारखाहि नीट लागत नाहींत, असें आमचें मत आहे. तें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम वर्षाची रचना पाहूं. हें वर्ष १ जानेवारीस सुरू होत नाहीं. ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारीं आगमनकाळ लागतो व तेथून वर्षारंभ धरतात. या काळांत चार रविवार वाट पाहण्यांत जातात. मग २५ डिसेंबरास नाताळ व ६ जानेवारीस तीन राजांचा सण येतो. पुढें राखेच्या बुधवारापासून उपवासकाळ सुरू होतो. गोव्याकडे यास पोर्तुगीज शब्दावरून 'कोरेझ्म' म्हणतात. मधले रविवार वगळून उपवासाचे दिवस चाळीस भरतात. त्याच्या शेवटीं पवित्र आठवडा, गुड फ्रायडे व पुनरुत्थानाचा रविवार येतो. तेथून चाळीसाव्या दिवशीं स्वर्गारोहण व पन्नासाव्या दिवशीं पेंतेकॉस्त, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा सण, असा क्रम आहे.

यांतील नाताळासारखे सण सौर आहेत. आपल्या मकरसंक्रांतीप्रमाणें ते सूर्याच्या वर्षास बांधलेले आहेत. पुनरुत्थानाचा सण मात्र चांद्र आहे. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा त्याचा नियम आहे. ही पौर्णिमा आकाशांत पाहून ठरवीत नाहींत. ती चर्चच्या कोष्टकावरून काढतात. तरी बहुधा ती आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या आसपासच येते. इ. स. २०२४ मध्यें हा रविवार होळीच्या पौर्णिमेमागोमाग ३१ मार्चला आला. २०२६ मध्यें चैत्री पौर्णिमेनंतर ५ एप्रिलला येतो. यामुळें हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेंत मागेंपुढें सरकतो, व राखेच्या बुधवारापासून पेंतेकॉस्तापर्यंतचे सर्व दिवस त्याच्याबरोबर सरकतात. सूर्य व चंद्र या दोहोंचा मेळ घालणारें हें गणित पंचांग जाणणाऱ्या मराठी माणसास अवघड वाटण्याचें कारण नाहीं.

आतां ग्रंथाकडे वळूं. फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ मध्यें तेथेंच वारला. मधलीं बहुतेक वर्षें त्यानें सासष्टींत काढलीं. त्याचा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्यें राचोल येथें रोमी लिपींत छापला गेला, व पुढें १६४९ आणि १६५४ मध्यें त्याच्या आवृत्त्या निघाल्या. आज सर्वजण त्यास 'ख्रिस्तपुराण' म्हणतात. परंतु पहिल्या आवृत्तीचें पोर्तुगीज नांव 'आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगांत येण्याविषयींचें विवेचन' अशा अर्थाचें आहे. या 'येण्याविषयीं' शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. आगमनकाळाचा विषय तोच आहे.

ग्रंथाची रचनाहि याच क्रमानें चालते. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरु सृष्टीची उत्पत्ति, मनुष्याचें पतन व भविष्यवाद्यांची प्रतीक्षा सांगतात. दुसऱ्याचे ५९ अवस्वरु तारकाचा जन्म, दुःखभोग, पुनरुत्थान व स्वर्गारोहण सांगतात. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ एका बैठकींत वाचून संपणारा नाहीं. रविवारीं व सणासुदीस त्याचें वाचन होत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा विस्तार वर्षभर पुरावा असा आहे हें दिसतें.

ग्रंथाच्या जन्माची जी हकीकत स्टीफन्सनें आरंभीं दिली आहे, तीहि रविवारचीच आहे. सासष्टींत मुलांस धर्मशिक्षण चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढें येतो आणि पाद्रीस प्रश्न करतो. पूर्वीचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस तशींच दुसरीं कां करून देत नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. या प्रश्नामागील दुःख संशोधकानें दृष्टीआड करूं नये. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें होतें. १५६७ मध्यें सासष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ मध्यें कुंकळ्ळीस रक्तपात झाला. ज्यांचे श्रवणाचे व कथेचे दिवस हिरावले गेले, त्यांची ती मागणी होती. नवें वर्षचक्र त्यांच्यावर लादलें गेलें. पण त्या वर्षांतील रविवार आमच्या भाषेंतील ओवीनें भरला पाहिजे हा आग्रह त्यांचा स्वतःचा होता. चर्चचा मुख्य विधि त्या काळीं लॅटिनमध्येंच चाले. विधि लोकभाषेंत करण्याचा मार्ग रोमनें १९६३ च्या ठरावानंतर मोकळा केला. म्हणजे त्यापूर्वीं सुमारें साडेतीनशें वर्षें मराठी ख्रिस्ती माणसास आपल्या सणांचा अर्थ आपल्या भाषेंत सविस्तर ऐकण्याचें जें साधन होतें, त्यांत हें पुराण प्रमुख होतें.

या साधनावर संकटेंहि आलीं. २७ जून १६८४ च्या हुकुमानें व्हाइसरॉयनें गोव्यांतील लोकांस तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्मावलें. पुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. तरी ग्रंथ राहिला, तो हस्तलिखितांच्या रूपानें. १९०७ मध्यें जे. एल. साल्ढाना यांनीं मंगळूर येथें रोमी लिपींत जी आवृत्ति काढली, ती दक्षिण कानडा भागांतील हस्तलिखितांवरून. देवनागरींतील पोथी लंडनच्या मार्स्डेन संग्रहांत निघाली व १९२५ च्या सुमारास डॉ. जस्टिन ॲबट यांनीं ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. तींत दोन भागांस 'आदिपुराण' व 'देवपुराण' अशीं नांवें आहेत, आणि रोमी प्रतींत जेथें पोर्तुगीज धर्मसंज्ञा आहेत तेथें पुष्कळ ठिकाणीं संस्कृत वळणाचे शब्द आहेत. पुढें १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी आवृत्ति पुण्यास प्रसिद्ध केली. हुकुमानें भाषा बंद करूं म्हटलें तरी लोक हा एवढा ग्रंथ हातानें कां उतरीत राहिले? आमचें अनुमान असें कीं, सण दरवर्षीं येत व वाचावयास पोथी लागे. कपाटांत ठेवावयाच्या ग्रंथास इतके नकलकार मिळते ना.

या वर्षानें येथील मातीहि आपलीशी केली. ५ ऑगस्ट हा रोममध्यें हिममातेचा दिवस आहे. भर उन्हाळ्यांत टेकडीवर हिम पडल्याची ती आख्यायिका आहे. राचोलजवळच्या रायेस त्याच दिवशीं नव्या भाताचीं कणसें चर्चमध्यें नेऊन आशीर्वाद घेतात. हिम कधीं न पाहिलेल्या गांवानें हिमाचा सण भाताच्या लोंबीस दिला. २४ जूनचा सांजांव युरोपांत ऐन उन्हाळ्याचा सण. गोव्यांत तो पहिल्या पावसाचा झाला, व डोक्यावर फुलांचे मुकुट घालून लोक भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरांत पिकाचा 'आगेरा' करतात. नव्याच्या पुनवेशीं याचें साम्य आमच्या वाचकांस आपोआप दिसेल.

आतां तारखांचा प्रश्न. वसईचा तह १६ मे १७३९ रोजीं झाला. इंग्रजी कागदांत तोच दिवस ५ मे असा येतो, कारण पोर्तुगालनें १५८२ मध्येंच नवी गणना स्वीकारली होती व इंग्रजांनीं ती १७५२ मध्यें स्वीकारली. हा अकरा दिवसांचा फरक सर्वांस ठाऊक आहे. परंतु सणांचा फरक त्याहून मोठा आहे. नियमाप्रमाणें गणित केलें असतां त्या वर्षीं वसईंतील पुनरुत्थानाचा रविवार २९ मार्चला येतो, तर जुन्या गणनेच्या इंग्रजांचा त्यांच्या २२ एप्रिलला, म्हणजे नव्या गणनेनें ३ मे रोजीं. एकाच कोंकणांत एकच सण पांच आठवड्यांच्या अंतरानें झाला! 'ईस्टरनंतर इतक्या दिवसांनीं' अशी नोंद कोणाच्या कागदांत आहे हें न पाहतां तारीख लावल्यास महिन्याहून अधिक चूक होईल. याच गणितानें आणखी एक गोष्ट कळते. त्या वर्षीं राखेचा बुधवार ११ फेब्रुवारीस होता. चिमाजी अप्पांचा वेढा त्याच महिन्यांत आवळला. म्हणजे वसईकरांचा जवळजवळ सगळा उपवासकाळ व पुनरुत्थानाचा सणहि वेढ्यांत गेला, आणि तह झाला तो शनिवार पेंतेकॉस्ताची पूर्वसंध्या होती. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक तहांत होती. त्यांचें वर्ष पेशव्यांच्या अमलांतहि चालू राहिलें.

दुसरें उदाहरण मंगळूरचें. टिपूनें तेथील ख्रिस्ती लोकांस १७८४ मध्यें राखेच्या बुधवारीं, २४ फेब्रुवारीस, कैद केलें अशी परंपरा आहे. त्या वर्षीं पुनरुत्थानाचा रविवार ११ एप्रिलला येतो. त्यावरून राखेचा बुधवार २५ फेब्रुवारीचा ठरतो, व २४ तारखेस मंगळवार पडतो. दिवस व तारीख यांपैकीं एक गोष्ट एका दिवसानें चुकली आहे. आमच्या मतें अशा वेळीं वाराकडे झुकतें माप द्यावें. कपाळास राख लागलेला दिवस लोक सहसा विसरत नाहींत, तारीख मागाहून लिहिली जाते.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. कोंकणांतील जुन्या घरांत रोमी लिपीचें बाड हातीं आल्यास तें पोर्तुगीज समजून परत करूं नये. दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. ओवी असेल तर कानास कळेल. तसेंच पोथीच्या समासांत एखाद्या सणाचें नांव अथवा वाचनाची खूण असल्यास ती नकलेंत अवश्य उतरावी. ग्रंथाचा पाठ इतर प्रतींवरूनहि लागूं शकेल. त्या घरीं तो कोणत्या दिवशीं वाचीत असत हें मात्र त्या खुणेवरूनच समजेल.