सर्दी म्हणून सोडलेली ॲलर्जी दम्यापर्यंत जाऊ शकते

दापोड्याच्या रस्त्यावर गोदामांच्या कंटेनरची धूळ, भिवंडीत यंत्रमागाची कापूसधूळ. उठल्याबरोबर शिंका, नाक गळणं, डोळे खाजणं याला घरोघरी ‘सर्दीच आहे’ म्हणतात. पण साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, ॲलर्जी महिनोन्‌महिने राहते.

नाक आणि श्वासनलिका हा एकच मार्ग. नाक चोंदलं की माणूस तोंडाने श्वास घेतो, न गाळलेली कोरडी हवा थेट छातीत जाते. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो. नाकाच्या प्रत्येक रुग्णाला मात्र दमा होतोच असं नाही.

रात्री खोकला येत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर फुंकून करायची तपासणी डॉक्टरांना विचारावी. पंपाची सवय लागते हा निव्वळ गैरसमज. बरं वाटलं म्हणून तो परस्पर बंद करणं जास्त धोक्याचं. बोलताना धाप लागली, ओठ निळे पडले तर लगेच १०८.