अंग कधी तयार होतं?

आजचा विषय जरा आतला आहे. लेकरं जवळ असतील तर आवाज कमी करा, पण रेडिओ बंद करू नका.

नवरा-बायकोच्या संबंधात बाईच्या अंगात काय घडतं, हे डॉक्टरांनाही फार उशिरा कळलं. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. बाईलाही कामसुखाचा हक्क आहे, असं ते उघड लिहीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले, तरी निकाल विरोधातच गेला. जिथं बोलायचीच चोरी, तिथं तपासणार कोण?

तपासलं ते अमेरिकेत. सेंट लुईस शहरात विल्यम मास्टर्स नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. १९५७ मध्ये व्हर्जिनिया जॉन्सन त्यांच्याकडे कामाला आल्या. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती, पण लोकांना बोलतं करणं त्यांना जमायचं. मला विचाराल तर निम्मं काम तिथंच झालं. स्वतःहून पुढे आलेल्या ३८२ बाया आणि ३१२ पुरुषांच्या शरीरात काय बदल होतात, हे दोघांनी यंत्रांनी मोजलं आणि १९६६ मध्ये पुस्तक छापलं.

आधी समज असा, की संबंधाच्या वेळची ओल गर्भपिशवीच्या तोंडातून किंवा बाहेरच्या ग्रंथींतून येते. त्यांना दिसलं वेगळंच. इच्छा जागी झाली की योनिमार्गाच्या भिंतींत रक्त भरतं आणि त्या भिंतीच पाझरतात, पाण्याचा माठ पाझरतो तशा. आतली वाट लांब-रुंद होते, गर्भपिशवी वर उचलली जाते, छाती धडधडते. सुखाच्या टोकाला योनिमार्गाच्या तोंडाजवळचे स्नायू भराभर आवळतात आणि सुटतात. मग अंग हळूहळू निवतं.

म्हणजे कोरडं असताना दुखतं, ते बाई नखरे करते म्हणून नाही. अंग अजून तयार झालेलं नसतं. बाळ अंगावर पीत असताना किंवा पाळी गेल्यावर ही ओल कमी होते, वेळही जास्त लागतो. (नेहमीच दुखत असेल तर आत संसर्गही असू शकतो, तेव्हा दवाखान्यात दाखवा.) आणि एक गोष्ट नवऱ्यांनाही ऐकवा: ओल आली म्हणजे बाईनं होकार दिला, असं नव्हे. होकार तोंडानं असतो.

दुसरा एक गैरसमजही तिथं मोडला. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये लिहिलं होतं, की शिश्निकेचं, म्हणजे लघवीच्या जागेच्या वर दाण्याएवढा उंचवटा असतो त्याचं सुख पोरवयाचं. मोठ्या बाईला सुख आतल्या वाटेतूनच मिळायला हवं. किती बायांनी स्वतःत खोट मानून घेतली असेल! मास्टर्स-जॉन्सनना दिसलं, की सुख कुठूनही सुरू होवो, शरीराचा प्रतिसाद एकच असतो.

त्याचं कारण आणखी स्पष्ट झालं १९९८ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या हेलन ओकॉनेल या मूत्रविकारांच्या सर्जन. ऑपरेशनच्या वेळी पुरुषांच्या नसा कशा जपायच्या हे पुस्तकांत होतं, बायांच्या नसा कुठून जातात हेच धड नव्हतं. म्हणून त्यांनी मृतदेहांचं विच्छेदन करून पाहिलं. बाहेरचा दाणा हा नुसता शेंडा निघाला. शिश्निका आत योनिमार्गाच्या दोन्ही अंगांना कित्येक सेंटिमीटर पसरलेली होती.