परसातील फुलबाग आणि तिचे पाहुणे



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. अशा या व्याख्यानमालेत कोणी घरामागच्या चार वाफ्यांतील झेंडू-शेवंतीचा इतिहास सांगू लागला, तर हा विषय व्यासपीठावर कशाला, असे कोणाच्याही मनात यावे. परंतु ज्या इतिहासाला आपण रोज पाणी घालतो, ज्याच्या भोवतीचे तण खुरपतो आणि जो सकाळी परडीत घालून देवापुढे नेतो, तोच आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरच्या फुलबागेतील जी फुले आपण सनातन समजतो, त्यांतील कितीतरी समुद्रापलीकडून आलेली आहेत; आणि ती आपली झाली ती दरसाल आपल्या हाताखालून गेली म्हणून. हातांनी त्यांना लावले, छाटले, त्यांचे बी धरले आणि पंचांगात त्यांना जागा दिली.

पाहुणे येण्यापूर्वी घरात कोण होते, ते आधी पाहू. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त मालती आहे, कदंब आहे. तेराव्या शतकात ज्ञानदेवांच्या अभंगात मोगरा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात प्राजक्ताला स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. रात्री उमलून पहाटे फुले गाळणाऱ्या या झाडाला तो ‘दुःखी झाड’ म्हणतो. जाई, जुई, मोगरा, सोनचाफा, बकुळ, प्राजक्त, कण्हेर, अबोली, तेरडा आणि सर्वांच्या मध्ये तुळस, असा हा जुना संसार होता. त्यातील बरीचशी फुले शुभ्र आणि सुगंधी. रंगांची उधळण त्या बागेत बेताचीच होती.

ही बाग शोभेसाठी नव्हती, पूजेसाठी होती. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन, मागे परस, परसात आड, आणि न्हाणीचे पाणी जिकडे वाहत जाई तिकडे केळ, अळू व कर्दळ. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळांनी शहरात आले, वाड्यावाड्यांतून हौद भरू लागले, आणि उन्हाळ्यातही फुलझाडे तगविणे शक्य झाले. पेशव्यांच्या हिराबागेसारख्या बागा आपण लक्षात ठेवतो. पण सामान्य गृहस्थाची बाग सांडपाण्यावर वाढली, हे विसरता कामा नये.

आता याच कर्दळीची गोष्ट पाहा. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिच्या नावात ‘इंडिका’ असा शब्द घातला. प्रत्यक्षात ती अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाची. ज्या झेंडूला इंग्रज ‘आफ्रिकन’ म्हणत आले, तो मेक्सिकोचा. निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या आवारात, जणू देवळाच्याच वयाचा वाटावा असा उभा असणारा पांढरा चाफा, म्हणजे खुरचाफा, हाही मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी अमेरिकेची आणि बारमाही फुलणारी सदाफुली मादागास्कर बेटाची. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला आणि वास्को द गामा १४९८ साली कालिकतला. या दोन तारखांच्या आधी आपल्या दसऱ्याच्या दारावर मेक्सिकोच्या झेंडूचे तोरण असणे शक्यच नव्हते.

येथे एक प्रश्न उद्भवतो. अमेरिकेत फुलांना तोटा नव्हता. मग नेमकी हीच फुले का आली? उत्तर माळ्यापेक्षा खलाशाला अधिक चांगले ठाऊक असेल. लिस्बनहून गोव्याला यावयास शिडाच्या जहाजाला सुमारे सहा महिने लागत. गोड्या पाण्याचा घोट माणसालाही मोजून मिळे. तेथे झाडाला कोण पाणी घालणार? म्हणून जे कोरडे राहून जिवंत राहील तेच आले. झेंडूचे वाळलेले बी कागदाच्या पुडीत टिकते. गुलबक्षीचे बी तर मिऱ्यासारखे काळे व टणक. निशिगंधाचा कंद कांद्यासारखा निजून राहतो. चाफ्याची फांदी तोडली की तिचा चीक वाळू देऊन मगच ती लावावयाची असते. प्रवासाने तिचे नुकसान होत नाही. आपल्या परसाची निवड अशी प्रथम समुद्राने केली.

निवडून आलेल्यांचे नामकरण मात्र आपण केले, आणि ते मोठे मनोरंजक आहे. नव्या झाडाला आपण सोनचाफ्याच्याच कुळाचे नाव देऊन ‘चाफा’ म्हटले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे काही नाते नाही. गुलबक्षी व गुलछडी या नावांतला ‘गुल’ फारसी. म्हणजे या फुलांची ओळख झाली तेव्हा बागेची भाषा फारसी वळणाची होती. पुढे त्याच गुलछडीला ‘निशिगंध’ असे संस्कृत नाव मिळाले आणि तिचे परकेपण उरलेच नाही. ‘सदाफुली’ हे नाव तर निखळ मराठी, एखाद्या घरच्या लेकीला हाक मारावी तसे.

पण नुसत्या नावाने कोणी घरचे होत नाही. घरचे होते ते वर्षाच्या कामात जागा मिळाली म्हणजे. मृग निघाला, पहिला पाऊस जिरला, की झेंडूचे बी वाफ्यात पडते. रोप वीतभर झाले म्हणजे त्याचा शेंडा खुडावयाचा. नवख्याला ही क्रूरता वाटते, पण शेंडा खुडला तरच बगलेचे फुटवे फुटतात आणि दसऱ्याला एका झाडावर ओंजळभर फुले लागतात. मेक्सिकोत हेच फूल नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणाच्या सणात वाहतात. आपल्याकडे ते जवळजवळ त्याच सुमारास विजयादशमीच्या व दिवाळीच्या दारावर चढते. फूल एक, ऋतू एक, पण अर्थ ज्या मातीत रुजले तिचा. सणानंतर एक-दोन टपोरी फुले झाडावरच वाळू द्यावयाची आणि त्यांचे बी पुढील मृगासाठी ठेवावयाचे. एखाद्या वर्षी हे चुकले की परंपरा तेथेच तुटते. ती पुन्हा दुसऱ्याच्या अंगणातून मागून आणावी लागते.

झेंडू उपटला की वाफा शेवंतीचा. शेवंती चीनकडची, पण तीही इकडे मार्गशीर्षाच्या पूजेची झाली. ती थंडीतच का फुलते, हे माळ्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९२० साली अमेरिकेत गार्नर व अलार्ड या दोघा संशोधकांनी, काही वनस्पतींचे फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते, हे दाखवून दिले, तेव्हा कारणही कळले. रात्री लांबू लागल्या की शेवंती कळी धरते. बहर ओसरला की ती बुडाशी छाटावयाची, बुंध्याचे मुनवे सोडवून घ्यावयाचे, उन्हाळाभर सावलीत जगवावयाचे आणि पावसाळ्यात नव्या जागी लावावयाचे. जुनी शेवंती जुन्या जागी तशीच ठेवली तर ती खुरटते. दरसाल उठवून पुन्हा मांडली तरच ती टिकते.

मोगऱ्याचे शिक्षण तर याहून कडक. हिवाळ्यात त्याचे पाणी तोडावे, पाने गळू द्यावीत, फांद्या छाटाव्यात, मुळाशी माती हलवून खत द्यावे आणि उन्हे तापू लागताच पुन्हा पाणी सुरू करावे; मग चैत्र-वैशाखात तो पांढरा होऊन जातो. निशिगंधाचे कंद लावण्याची वेळही हीच. इकडे तेरडा मात्र पावसात आपणहून उगवतो, गौरीच्या वेळी कोकणात प्रत्यक्ष गौर म्हणून घरात येतो आणि तीन दिवसांच्या रंगाची म्हण मागे ठेवून जातो. हे सारे काम बव्हंशी घरातील स्त्रियांनी केले. माहेरच्या मोगऱ्याचे दाबकलम सासरी आले, शेजारणीकडून अबोलीचे रोप आले; या देवघेवीचे दप्तर कोणी ठेवले नाही, पण बागा त्यावरच उभ्या राहिल्या.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. ज्या विल्यम कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्यानेच १८२० साली कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्यासाठी एक संस्था काढली, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८२८ साली पुण्याजवळ दापोडी येथे मुंबई सरकारने वनस्पती-उद्यान उभारले. तेथील झाडांची एका एतद्देशीय चित्रकाराने काढलेली सुंदर चित्रे आजही एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत, मात्र चित्रकाराचे नाव मागे राहिले नाही. १८६२ साली मुंबईची राणीची बाग लोकांना खुली झाली. दरम्यान लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्डने काचेची बंद पेटी काढली होती. तीत मातीतला ओलावा आतल्या आतच फिरत राही. १८३३ साली अशा पेट्यांतून पाठविलेली जिवंत झाडे सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचली. समुद्राची जुनी निवड संपली. नाजूक नेचे, क्रोटन, ऑर्किड असे सर्वच प्रवास करू शकले.

यातून घरच्या बागेला दुसरे तोंड फुटले. पूजेची बाग मागे परसात राहिली आणि शोभेची बाग पुढे अंगणात आली. कुंड्या आल्या, हिरवळ आली, ब्राझीलची बोगनवेल फाटकावर चढली. फ्लॉक्स, पिटुनिया, झिनिया यांची रोपे पावसाळा सरताच वाफ्यांत बसू लागली. गुलाबावर डोळा भरण्याची कला घरोघर पोहोचली. कित्येकांनी या नव्या शोभेला नाके मुरडली असतील, कित्येकांनी जुनी कण्हेर उपटून टाकली असेल. पण बहुसंख्य घरांनी दोन्ही ठेविले, आणि मला यात शहाणपण दिसते.

पाहुण्याचे स्वागत करावे हे खरे; पण प्रत्येक पाहुणा घरचा होत नाही. बागेची शोभा व कुंपण म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आणलेली घाणेरी कुंपण ओलांडून रानात शिरली आणि आज डोंगरच्या डोंगर व्यापून बसली आहे. सुंदर जांभळ्या फुलांसाठी आणलेल्या जलपर्णीने नद्या व तळी झाकून टाकली. झेंडूही अमेरिकेचा आणि घाणेरीही अमेरिकेची. फरक जन्मस्थानाचा नाही. झेंडू दरसाल माणसाच्या हाताखालून जातो. घाणेरीचा हात आपण सोडला. जे कोणी ‘आपले’ आणि ‘परके’ यांचा निवाडा केवळ मूळ पाहून करू इच्छितात, त्यांनी दसऱ्याच्या तोरणाखाली क्षणभर उभे राहून याचा विचार करावा.

आणि आता खरी चिंता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे परसांसकट पडले. इतर ठिकाणी ते काम पुराऐवजी आपणच केले. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, परसाच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या, आड बुजले. फुले काही कमी झाली नाहीत. बाजारात ती ढिगाने मिळतात. पण विकत घेतलेल्या झेंडूचे बी आपण धरत नाही आणि शेवंतीचे मुनवे सोडवून शेजारी देत नाही. फूल उरले आणि त्याचे वर्ष गेले. ज्या पोराने कळी धरण्याची वाट कधी पाहिली नाही, त्याला सण म्हणजे केवळ सुट्टीची तारीख वाटली तर दोष कोणाला द्यावा?

तरी निराश होण्याचे कारण नाही. बाग ही कधीच एकदा लावून ठेवण्याची वस्तू नव्हती. सांडपाण्यावर ती जगली, कुंडीत शिरली, आता गच्चीत आणि सज्जात मावेल. श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने घरच्या काडीकचऱ्यातून माती कशी तयार होते, हे आपल्याच महाराष्ट्रात दाखवून दिले आहे. जागा अपुरी आहे ही अडचण खरी. पण झेंडूला एक कुंडी पुरते.

मृग अजून पुढे आहे. गेल्या दिवाळीचे एखादे तोरण कोणाच्या घरी खुंटीला वाळून लोंबत असेल, तर ते टाकून देऊ नका. त्यातले फूल चोळून काळे बी काढून घ्या, पुडी बांधून ठेवा, आणि पहिला पाऊस जिरला म्हणजे पेरा. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडण्याचे काम मात्र घरातल्या लहान मुलाकडून करवून घ्या.