पवनारचा देहत्याग आणि न्यायाचा विचार

१५ नोव्हेंबर १९८२. दीपावलीचा, म्हणजेच भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे, धाम नदीकाठच्या आश्रमात आचार्य विनोबा भावे यांनी देह ठेवला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले होते. हे विधिपूर्वक घेतलेले जैन व्रत नव्हते. तथापि ज्यांच्या प्रेरणेने १९७४ साली ७५६ गाथांचा, सर्व जैन संप्रदायांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला, त्या विनोबांच्या अंतकाळी सल्लेखनेचे स्मरण होणे स्वाभाविक होते.

त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने गुन्हा ठरत असे. मग अशा देहत्यागाला काय म्हणावे? देहावरील अंतिम अधिकार व्यक्तीचा की राज्यसंस्थेचा?

जैन आचार्यांनी याचे उत्तर हेतूत शोधले. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाबरोबर प्रमत्त योग आवश्यक मानला. आधुनिक फौजदारी कायदाही कृतीसोबत हेतू पाहतो. त्याच ग्रंथात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगताना जीविताच्या आशेप्रमाणे मरणाची आशाही दोष ठरविली आहे. आचार्य समंतभद्रांनी तर निष्प्रतीकार उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य व रोग एवढ्याच प्रसंगी तिला मान्यता दिली.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना हा धर्माचा अत्यावश्यक आचार न मानता ती दंडनीय ठरविली. समाजाने देशभर मौन मोर्चे काढले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने सन्मानपूर्वक मृत्यूचा अधिकार जीवनाच्या अधिकारात अंतर्भूत मानला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम उरले नाही. आत्महत्येस प्रवृत्त करणे मात्र गुन्हाच राहिला.

राज्यसंस्थेची चिंता निराधार नाही. वृद्ध वा परावलंबी व्यक्तीवर कुटुंबाचे दडपण तर नाही, हे पाहणे तिचे कर्तव्यच आहे. परंतु कायद्याची दृष्टी बाह्य आचरणापर्यंत पोहोचते. कषायमुक्त मनाची परीक्षा त्याला करता येत नाही. ती जबाबदारी गुरू आणि संघ यांची आहे. साधकाचा निश्चय सर्वस्वी त्याचाच आहे, याविषयी संघ जितका दक्ष राहील, तितकाच कायद्यापुढे स्वातंत्र्य मागण्याचा त्याचा अधिकार दृढ होईल.