अठ्ठावीस अंशांचा इतिहास

१/ १९७९च्या उन्हाळ्यात जपानचे पंतप्रधान मासायोशी ओहिरा एका नव्याच पोशाखात लोकांसमोर आले. कोट नेहमीचा, पण बाह्या कोपराच्या वरच संपलेल्या. या पोशाखाला नाव मिळाले ‘ऊर्जाबचत पेहराव’. कार्यालयांतील वीज वाचवण्यासाठी सरकारने योजलेला हा उपाय होता. तो तेव्हा का फसला, पाव शतकानंतर कसा साधला आणि त्या यशाच्या आड काय राहून गेले, याविषयीचा हा थ्रेड.

२/ मुळाशी होते तेल. १९७३ साली जपानच्या प्राथमिक ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा तेलातून येत होती आणि ते जवळजवळ सगळे तेल परदेशातून. अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच भाव चौपट झाले. टोकियोच्या गिंझा भागातील निऑन दिवे विझले. टॉयलेट पेपर संपणार या आवईने दुकानांपुढे झुंबड उडाली. १९७४च्या आरंभी सरकारने मोठ्या ग्राहकांच्या वीजवापरावर कायद्याने मर्यादा घातली.

३/ इराणमधील क्रांतीने १९७९ साली दुसरा धक्का दिला. त्याच वर्षी जूनमध्ये जपानने ऊर्जेच्या काटकसरीचा कायदा केला आणि १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. कारखाने, इमारती आणि यंत्रे हे तिन्ही विषय त्यात होते. तिघांना लावलेली फूटपट्टी मात्र एक नव्हती. मोठ्या कारखान्यांना ऊर्जा-व्यवस्थापक नेमणे भाग पडले. इमारतींसाठी निकष आखले गेले, पण ते गाठण्याचा ‘प्रयत्न’ करावा, एवढीच मालकांकडून अपेक्षा होती. पुढची सगळी कथा या एका शब्दात दडलेली आहे.

४/ भिंती आणि खिडक्यांवर सक्ती नाही, तर उन्हाळ्यातली वीज वाचवायची कशी? वातानुकूलन कमी करून. पण सूट आणि टाय घातलेला माणूस तो उकाडा सोसणार कसा? म्हणून अर्ध्या बाह्यांचा कोट. आपल्याकडे त्या काळी सरकारी अधिकाऱ्यांच्या अंगावर सफारी शोभून दिसे. टोकियोत मात्र हा वेश हास्यास्पद ठरला. त्सुतोमु हाता यांनी तो पुढे निष्ठेने वापरला आणि १९९४ साली ते पंतप्रधानही झाले, पण त्यांचे अनुकरण कोणी केले नाही. एक साधी गोष्ट सरकारच्या ध्यानात आली नव्हती. कोट कापला तरी तो कोटच राहतो, आणि साहेबाने टाय लावला असताना कारकून तो काढू धजत नाही.

५/ मग तेल स्वस्त झाले आणि विषय मागे पडला. १९९०नंतर कारखान्यांचा ऊर्जावापर जवळपास स्थिर राहिला; कार्यालये, दुकाने, हॉटेले यांचा मात्र झपाट्याने वाढत गेला. १६ फेब्रुवारी २००५ रोजी क्योटो करार अमलात आला. त्यानुसार २००८ ते २०१२ या काळात जपानला आपले उत्सर्जन १९९०च्या पातळीपेक्षा ६ टक्क्यांनी खाली आणायचे होते.

६/ पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुनीच कल्पना नव्या रीतीने मांडली. लोकांकडून नावे मागवून ‘कूल बिझ’ हे नाव निवडले गेले. १ जून २००५पासून सरकारी कार्यालयांत खोलीचे तापमान २८ अंश, आणि टाय-कोटाला सुट्टी. नवा पोशाख शिवण्याऐवजी जुना उतरवण्याची मुभा दिली, आणि ती वरून दिली. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायविना वावरू लागले. आइची येथील जागतिक प्रदर्शनात फॅशन शो झाला आणि त्यात मॉडेल म्हणून उद्योगपती चालले. टोयोटाचे अध्यक्ष हिरोशी ओकुदा त्यांपैकी एक. टाय बनवणाऱ्यांच्या संघटनेने धंदा बुडतो म्हणून सरकारकडे गाऱ्हाणे मांडले. मोहीम लागू पडल्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

७/ मंत्रालयाच्या अंदाजानुसार त्या पहिल्या उन्हाळ्यात सुमारे ४ लाख ६० हजार टन कार्बन डायऑक्साइडची बचत झाली. दहा लाख घरांचे एका महिन्याचे उत्सर्जन साधारण एवढे असते. आणखी एक लाभ झाला, त्याची गणना कुठे नाही. सुटातल्या पुरुषांना सोसेल इतका गारवा ठेवलेल्या खोल्यांत स्त्रिया गुडघ्यांवर पांघरूण घेऊन काम करीत. त्यांचा उन्हाळा थोडा सुसह्य झाला.

८/ ११ मार्च २०११. भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा. त्या जुलैपासून टोकियो आणि तोहोकू परिसरातील ५०० किलोवॉट आणि त्याहून अधिक मागणीच्या ग्राहकांना विजेची कमाल मागणी १५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश निघाला. १९७४नंतर हे कलम प्रथमच वापरले गेले. उल्लंघनास १० लाख येनपर्यंत दंड होता. सरकते जिने थांबले, दिवे काढले गेले आणि ‘सुपर कूल बिझ’च्या नावाखाली सरकारी कचेऱ्यांत हवाईयन शर्टही चालू लागले.

९/ पण २८ अंशच का? १९७०च्या इमारत-स्वच्छता कायद्याने मोठ्या इमारतींतील हवेसाठी १७ ते २८ अंशांची मर्यादा घातली होती. म्हणजे आरोग्यासाठी ठरवलेली वरची सीमा बचतीसाठी लक्ष्य बनली. मे २०१७मध्ये कायदा खात्याचे उपमंत्री मासाहितो मोरियामा यांनी, २८ हा आकडा शास्त्रीय आधाराने ठरलेला नसून साधारण अंदाजाने घेतला गेला, असे सांगितले. मोहिमेच्या आरंभी ते पर्यावरण मंत्रालयातच अधिकारी होते. शिवाय २८ हे खोलीचे तापमान. अनेक कचेऱ्यांनी यंत्रावरच २८ लावले आणि खिडकीजवळचे लोक त्याहून अधिक उकाड्यात घाम पुसत राहिले. २०१९च्या उन्हाळ्यात हिमेजी नगरपालिकेने उलट जाऊन २५ अंश ठेवून पाहिले. कर्मचाऱ्यांचे जादा कामाचे तास घटले.

१०/ भारतातही असेच दोन रस्ते दिसतात. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जासंवर्धन संहिता केंद्राने मे २००७मध्ये आणली, पण ती ऐच्छिक. बंधनकारक करायची तर राज्याने अधिसूचना काढायची. त्यामुळे ती राज्याराज्यांच्या गतीने सरकली. याउलट मोठ्या आस्थापनांनी एसी २४ ते २६ अंशांवर ठेवावा, हा सल्ला २०१८ साली एका पत्राने देता आला. १ जानेवारी २०२०पासून तारांकित घरगुती एसी सुरू होतानाच २४ अंश दाखवू लागले.

११/ आता जपानच्या कायद्यातल्या त्या ‘प्रयत्ना’कडे परत जाऊ. २००३पासून २,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या व्यापारी इमारतींनी आपल्या ऊर्जाबचतीच्या उपायांची माहिती प्रशासनाला कळवायची, इथवर तो सरकला. सक्तीचा कायदा २०१५ साली झाला. त्यानुसार एप्रिल २०१७पासून याच आकाराच्या नव्या व्यापारी इमारतींना, एप्रिल २०२१पासून ३०० चौरस मीटरपासून पुढच्या इमारतींना निकष पाळणे अनिवार्य झाले. ओहिरांच्या कोटाला तोवर चार दशके उलटली होती. मधल्या काळात कर्मचाऱ्यांनी कोट उतरवले, टाय सोडले, घाम गाळला. ज्या काचेतून ऊन आत येत होते, ती काच बदलण्याची सक्ती बांधणाऱ्यांवर नव्हती. माझ्या मते हा योगायोग नाही. विखुरलेल्या कर्मचाऱ्यांना आवाहन करणे सोपे असते, संघटित बांधकाम व्यवसायाला नियम लावणे अवघड.

१२/ एप्रिल २०२५पासून हे निकष जवळपास सर्व नव्या बांधकामांना लागू आहेत, घरांसकट. आधीच उभ्या असलेल्या इमारती, वाढीव बांधकाम वगळता, त्यांच्या कक्षेबाहेर आहेत.